वाकलेल्या कंबरेचे मौन

ताठ उभे राहा आणि गुडघे न वाकवता सावकाश पुढे वाकायला लागा. कण्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे जाड स्नायू लगेच कामाला लागतात, कारण धडाचा भार खाली कोसळू द्यायचा नसतो. आणखी वाकलात की ते आणखी जोर लावतात. मात्र पूर्ण वाकण्याच्या थोडे आधी एक जागा येते, तिथून पुढे गेले की हे स्नायू चक्क थांबतात. पाठीवर इलेक्ट्रोड लावलेले असतील तर त्यांच्या विजेची रेघ जवळजवळ सपाट होते. १९५० च्या दशकात लंडनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन शास्त्रज्ञांनी हे मौन नोंदवले. ओणव्या देहाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी स्नायू माघार घेतात आणि सगळा भार कण्यामागच्या अस्थिबंधांवर, मणक्यांमधल्या गाद्यांवर आणि ताणल्या गेलेल्या निष्क्रिय धाग्यांवर सोपवतात. शरीराने केलेली ही शक्तीची बचत आहे. थोडा वेळ वाकायचे असेल तर ती फार हुशारीची आहे.

पण तिरोड्याच्या बांध्यांत जुलै-ऑगस्टमध्ये थोडा वेळ वाकून कुणाचेच भागत नाही. गोंदिया जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या अलीकडच्या या तालुक्यात पावसाने जोर धरला, चिखलणी झाली की बायांचे गट रोवणीला उतरतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताने दोन-चार काड्या वेगळ्या करून चिखलात खोवायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचे. पाय जवळपास सरळ, वाक सगळा कंबरेत, आणि हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानकापणीला पुन्हा तोच वाक. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायची, नंतर तेंदूपत्ता तोडायचा. ज्या घरांत विड्या वळल्या जातात तिथे मांडीवर सूप घेऊन तासन् तास पाठीला पोक काढून बसायचे. पूर्व विदर्भातल्या बाईच्या कमरेचे वर्ष असे जाते. कंबर धरली, उसण भरली, चमक निघाली, हे शब्द इथल्या घराघरांत पावसापाण्याच्या गोष्टींइतके सहज निघतात.

त्या ओणव्या कमरेत काय होत असते, हे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी मोजून पाहिले. निरोगी माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून बसवले, मग उठवले. ताणून सैल पडलेले अस्थिबंध लगेच पूर्ववत झाले नाहीत. हरवलेला ताठरपणा दोन मिनिटांत साधारण निम्मा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा उरलाच. वीस मिनिटांची ही कथा असेल तर बांधीतल्या दिवसभराची काय असेल, याचा विचार करताना मला नेहमी थांबायला होते. आणि यातून एक साधी, खर्च नसलेली सूचना निघते. बराच वेळ वाकून काम केल्यावर लगेच जड पेंढ्या किंवा पाण्याची घागर उचलू नये. आधी उभे राहावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश दोन-चार वेळा मागे झुकावे, चार पावले चालावे, मग उचलावे. बांधीच्या धुऱ्यावर रोवणाऱ्या बाया कंबर धरून मागे झुकतात ते नुसते कंटाळ्याने नसते. शरीर स्वतःच दुरुस्ती मागत असते.

आता मणक्यांमधल्या गाद्या. कण्यात त्या २३ असतात आणि शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सर्वांत मोठा भाग म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांची नोंद आहे. त्यांचे पोषण शेजारच्या हाडांतून पाझरूनच होते. दिवसभर भार पडून त्यांतले पाणी बाहेर ढकलले जाते, रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. त्यामुळे आपण सगळेच सकाळी उंच आणि संध्याकाळी बुटके असतो. फरक उंचीच्या साधारण एक टक्का, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास. जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून चोवीस तासांची नोंद घेतली. पालथे पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, उभ्याने पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ गोल करून वीस किलोचा भार उचलताना २.३. म्हणजे पडून राहण्याच्या तेवीस पट. रात्री तो माणूस नुसता झोपलेला असताना गादीतला दाब ०.१ वरून हळूहळू ०.२४ पर्यंत चढत गेला. गादी पाणी पीत होती आणि ते पिणे मापकावर दिसत होते.

पाण्याने टरटरून फुगलेली सकाळची गादी वाकताना जास्त ताण सोसते. ब्रिटनमध्ये मायकेल ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये काढलेला हिशेब असा की पहाटे वाकताना गादीवरचा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असू शकतो. त्यानंतर १९९८ मध्ये अमेरिकेत स्नूक यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना झोपेतून उठल्यावर पहिले काही तास वाकणे टाळायला शिकवले, तेवढ्यानेही दुखणे कमी झाले. योग शिकणाऱ्याने हे आवर्जून लक्षात ठेवावे. अंथरुणातून उठल्या उठल्या पाय लांब करून बोटे धरायची घाई कमरेला मानवत नाही. पहाटे आधी चालावे, पालथे पडून श्वास घ्यावा, ओणवे होण्याची आसने दिवस थोडा वर आल्यावर करावीत.

इथपर्यंत कमरेचे यंत्रशास्त्र झाले आणि ते समजायला सोपे आहे. मात्र तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीचे कोडे त्याने सुटत नाही. जगात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. यांतल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांत नेमके कुठले हाड, कुठली नस, कुठली गादी दोषी हे सांगता येत नाही. एमआरआय काढला तर गाद्या झिजलेल्या, फुगलेल्या दिसतात. डॉक्टर ते कागदावर लिहितात आणि घरी येऊन माणूस सांगतो, मणक्यात गॅप आला, आता वाकायचे नाही. पण ब्रिन्जिकजी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ज्यांना कसलेही दुखणे नाही अशा लोकांच्या चित्रांचे अभ्यास एकत्र केले. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत होती, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. त्यांच्यातल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती. केसांच्या पांढरेपणाची जशी वेदना होत नाही तशीच यांतली बरीच झीज वयाची खूण असते. हे वाक्य प्रत्येक एमआरआयच्या पाकिटावर छापावे असे मला मनापासून वाटते, कारण त्या पाकिटाने अनेकांना घाबरवून खाटेला खिळवले आहे.

मग दुखते ते काय? पहिली इजा खरी असते. ती महिना-दीड महिन्यात बहुधा भरून निघते. पण काहींच्या बाबतीत मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणा शांत होत नाही. रानडुकरांनी एकदा पीक लोळवल्यावर जागलीला बसलेला माणूस नुसत्या पानाच्या सळसळीलाही आरोळी ठोकतो, तसे हे होते. धोका नसतो, आरोळी मात्र खरीच असते आणि दुखणेही खरेच असते. अपकेरियन यांनी २००४ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा विचार करणाऱ्या भागांतला करडा थर निरोगी माणसांपेक्षा ५ ते ११ टक्के कमी आढळला. पुढे २०११ मध्ये कॅनडातल्या एका गटाने दाखवले की दुखणे उपचाराने कमी झाले तर हा थर काही भागांत परत भरून येतो. झीज आणि भरपाई दोन्ही मेंदूत होतात, हे कळल्यावर उपचाराकडे बघण्याची नजर बदलते.

आणि ते मौन? जुन्या कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत ते हरवलेले असते. पूर्ण वाकल्यावर जे स्नायू थांबायला हवेत ते थांबत नाहीत, भीतीने धरूनच ठेवतात. याच्या उलट, मणक्याला मणका सांधून ठेवणारे मल्टिफिडस नावाचे खोलवरचे छोटे स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक होतात. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स यांनी १९९० च्या दशकात सोनोग्राफीने दाखवले की कंबर दुखायची थांबली तरी हा स्नायू आपोआप पूर्वीसारखा होत नाही, त्याला मुद्दाम शिकवावे लागते. वरचे स्नायू सोडायला शिकले पाहिजेत आणि आतले धरायला. दोन्ही एकाच कमरेत, एकाच वेळी.

नेमके हेच काम योगाचा चांगला शिक्षक करून घेतो. आसनात हात-पाय कुठे आहेत हे दिसते, पण खरी शिकवण असते ती कुठे धरायचे, कुठे सोडायचे आणि सोडताना श्वास कसा लांबवायचा ही. अशी शिकवण प्रयोगशाळेत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, याचा मला अभिमान वाटतो. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटाच्या आत दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापक आणि क्ष-किरणांनी तपासले. त्यानंतर पुण्यात बी. के. एस. अय्यंगार आले. सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये ते शिकवायला पुण्यात आले आणि २०१४ मध्ये मृत्यू होईपर्यंत पुण्याचेच राहिले. ताठर, दुखऱ्या, म्हाताऱ्या शरीरालाही आसन जमावे म्हणून त्यांनी भिंतीवरचे दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, लोड आणले. भिंतीच्या दोरात जांघ अडकवून माणूस पुढे लोंबतो तेव्हा धडाचे वजनच कण्याला सावकाश लांब करते, आणि पाठ काहीही धरून न ठेवता सैल सोडता येते. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरच्या रामनगरातले जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक दशके सामान्य माणसाला आसने शिकवत आले आहे.

पुण्याच्या पद्धतीची कसोटी लागली ती मात्र सातासमुद्रापार. वेस्ट व्हर्जिनियात किम्बर्ली विल्यम्स यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ९० जणांवर अय्यंगार पद्धतीचा २४ आठवड्यांचा प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांची हालचाल सुधारली, वेदना आणि उदासीही कमी झाली, आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकला. ब्रिटनमध्ये ३१३ जणांचा मोठा प्रयोग २०११ मध्ये आला. आठवड्याला एक वर्ग, असे बारा आठवडे. योगवाल्यांचे चालणे, उठणे-बसणे, वाकणे वर्षभर सरस राहिले, पण वेदनेच्या आकड्यात मोठा फरक पडला नाही. मला या निकालात सगळ्यात जास्त अर्थ दिसतो. दुखणे थोडे उरले तरी माणूस कामाला उभा राहू लागला. रोजीवर पोट असणाऱ्या बाईला विचारा, तिला आधी काय हवे असते.

बोस्टनमधला २०१७ चा प्रयोग तर तिरोड्याच्या जवळचा वाटतो. रॉबर्ट सेपर यांनी गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत येणाऱ्या ३२० जणांना तीन गटांत वाटले. एकाला योगवर्ग, एकाला फिजिओथेरपी, एकाला माहितीचे पुस्तक. बारा आठवड्यांनी योग फिजिओथेरपीपेक्षा उणा ठरला नाही, आणि दोन्ही गटांत वेदनेच्या गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण पुस्तकवाल्यांपेक्षा कमी झाले. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने डॉक्टरांना सांगितले की जुन्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग असे उपाय सुचवा.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच मोकळेपणाने सांगायला हवी. वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २१ प्रयोग आणि २,२२३ माणसे होती. काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने फायदा होतो, पण तो छोटा आहे, आणि पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा योग वरचढ आहे असे दिसत नाही. काहींची कंबरदुखी योगाने तात्पुरती वाढतेही. ज्याला योगातून चमत्कार हवा आहे त्याला हे वाचून खट्टू व्हायला होईल. मला मात्र ही बातमी चांगली वाटते. एखाद्या महागड्या थेरपीइतका गुण एका सतरंजीवर येत असेल, तर तो गुण छोटा असला तरी गावागावांत पोहोचू शकतो. शिवाय व्हिलेम्युर आणि बुश्नेल यांचे २०१४ चे काम आहेच. अनेक वर्षे योग करणारे लोक बर्फगार पाण्यातला हात इतरांच्या दुपटीहून जास्त वेळ धरून ठेवू शकले, आणि त्यांच्या मेंदूत शरीराच्या आतल्या जाणिवा वाचणारा इन्सुला हा भाग जाड होता. ते वेदना दाबत नव्हते. तिच्याकडे लक्ष देऊन, श्वास सोडत, ती सोसत होते.

रोवणी करणाऱ्या बाईला काय शिकवावे, हा प्रश्न शहरातल्या खुर्चीवाल्याच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. तिने दिवसभर जे केले तेच तिला सतरंजीवर पुन्हा करायला लावण्यात काय शहाणपण? तिच्यासाठी आधी मकरासन: पालथे पडून, हातांवर डोके टेकवून पाच मिनिटे. गादीवरचा दाब अगदी कमी असतो तो असे आडवे पडल्यावर. मग कोपरांवर टेकून छाती थोडी वर घेण्याचे भुजंगासन, दिवसभराच्या वाकाचे उलट टोक. मग शलभासन, एकेक पाय, कारण कुल्ले आणि कण्याजवळचे खोल स्नायू त्यात जागे होतात. हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन श्वासाबरोबर पाठ वर-खाली करण्याचे मार्जारासन भीती घालवायला फार उपयोगी, कारण तिथे कंबर हलते पण तिच्यावर फारसा भार नसतो. शेवटी सेतुबंध आणि शवासन. पश्चिमोत्तानासन, हलासन यांची या हंगामात गरजच नाही. दिवसभर बसून विड्या वळणारीला हीच आसने चालतील, तिने मात्र दर तासाला उठून चालण्याला आसनांच्याही आधी जागा द्यावी. पुरुषांना हे लागू नाही असे समजू नये. धानाची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालाची कंबर काही वेगळ्या मातीची नसते.

काही दुखणी मात्र सतरंजीवर आणूच नयेत. पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यायला हवा. म्हातारे माणूस पडल्यानंतर त्याची कंबर दुखू लागली तर आधी एक्स-रे. पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही: सिकलसेल. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात हा आजार अनेक घरांत आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, हाडाला रक्त मिळत नाही आणि कमरेत, पाठीत असह्य कळा येतात. अनेक वर्षांच्या आजारात मणके वरून-खालून मध्यभागी खचतात आणि एक्स-रेत त्यांचा आकार रोमन एच अक्षरासारखा दिसतो. अशा तरुण मुलीच्या पाठीच्या कळांवर आसन हा उपाय नाही. तिला पाणी, ऊब, वेदनाशामक आणि डॉक्टर हवेत, तेही लगेच.

उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य कमरांसाठी वाट फार लांबची नाही. गावातल्या ज्या आरोग्य उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तिथल्या सेवांत योगाचाही समावेश आहे. २१ जूनला योगदिनी सगळीकडे सतरंज्या पडतात, पण तो दिवस मृगाच्या धांदलीत येतो, तेव्हा पऱ्हे टाकायचे असतात, वर्गाला यायला कुणाला सवड नसते. रोवणी आटोपते ऑगस्टच्या मध्याला. भारी धान कापणीला येते नोव्हेंबरात. मधल्या काळात निंदण असते, सणवार असतात, पण ओणव्याने राबण्याचा जोर उतरलेला असतो. ब्रिटनमधला प्रयोग बारा आठवड्यांचा होता, बोस्टनमधलाही बाराच आठवड्यांचा. पोळ्याच्या सुमाराला आठवड्यातून एक वर्ग सुरू केला आणि बाकीचे दिवस घरी वीस मिनिटे आसने केली, तर विळा हाती धरायच्या आत तेवढे आठवडे जवळपास पुरे होतात.